पुढ्यातली पाठ

रोइंगमध्ये फिनिश लाइन आपल्या पाठीमागे असते. दिसतात त्या मागे पडलेल्या बोटी, आणि पुढ्यात बसलेल्याची पाठ.

२०१६ला चांदवड तालुक्यातला दत्तू भोकनळ रिओत १३वा आला, तो बोटीत एकटा. आम्ही चौघं. इंजिनिअरिंगला असताना पुण्यात मुळेवर पहाटे जलपर्णी सारत सराव करायचो. लोकांना वाटतं, जोर हातांचा. सीट रुळांवर सरकते, खरं काम पायांचं. फोड मात्र हातांनाच!

पुढ्यात स्ट्रोकला मित्र. त्याची लय तीच आमची. फायनलला शेवटच्या ५०० मीटरमध्ये त्याचे खांदे थरथरायला लागले. संपला होता, पण लय सोडेना. मग मी कसा सोडणार?

दुसरे आलो.

आता बोलणं वाढदिवसापुरतं. त्याचा चेहरा आठवायला फोटो लागतो. पाठ गर्दीतही ओळखेन.