बोनेटखालचं वीजघर

एकदा चालू झाली की गाडी बॅटरीच्या जिवावर चालतच नाही! दिवे, हॉर्न, पंखा, इंजिनातली ठिणगी, सगळ्यांना लागणारी वीज गाडी धावता धावता स्वतःच तयार करते. अमरावतीत बडनेरा रोडवरच्या एका गॅरेजात हे मीटरवर पाहिलं आणि तेव्हापासून भेटेल त्याला मी हेच सांगत सुटलोय.

बॅटरीत सहा सेल, प्रत्येकी सुमारे २.१ व्होल्टचे, म्हणून मीटरवर १२.६. "भाऊ, मारा सेल्फ, अन् आकडा पाहा कुठी जाते!" मिस्त्री म्हणाले. किल्ली फिरली, आकडा दहापर्यंत कोसळला आणि इंजिन पेटताच थेट १४.२!

त्या दोन सेकंदांत काय काय घडतं! किल्लीचा लहानसा प्रवाह सोलेनॉइड, म्हणजे विजेवर चालणारा चुंबकी स्विच, ओढतो. सोलेनॉइड सेल्फचं छोटं दातेरी चाक पुढे ढकलून इंजिनाच्या फ्लायव्हीलच्या दात्यांत अडकवतो आणि त्याच झटक्यात बॅटरीची जाड वायर सेल्फच्या मोटरला जोडतो. दीडशेच्या घरात अँपिअर धावतात, अख्खं इंजिन फिरतं! आणि खर्च किती? ३५ अँपिअर-तासांच्या बॅटरीतला जेमतेम पाव टक्का. इंजिन ते उसनं काही मिनिटांत फेडतं.

फेडतो तो अल्टरनेटर. पट्ट्यावर फिरणारं चुंबक, भोवती तांब्याची वेटोळी. फॅरडेने १८३१ साली दाखवलेलं तत्त्व आपल्या बोनेटखाली रोज राबतंय! निघणारी वीज उलटसुलट वाहते, डायोड तिला एका दिशेला लावतात. रेग्युलेटर तर कमालच: इंजिन हळू फिरो की अकोल्याच्या हायवेवर सुसाट, चुंबकाचा जोर कमी-जास्त करत तो व्होल्टेज चौदाच्या आसपासच धरून ठेवतो.

आपल्या वऱ्हाडात हे कळायलाच हवं. अकोल्याचा पारा पंचेचाळीसला भिडतो, तेव्हा बॅटरीतलं पाणी उडतं, आतल्या प्लेटा लवकर झिजतात. पण मीटर आधीच बोलतं! रात्रभर उभ्या गाडीत १२.६, सेल्फ मारताना दहाच्या आसपास, इंजिन चालू असताना चौदा. पहिले दोन आकडे घसरले तर आधी बॅटरी तपासा; तिसरा घसरला तर पट्टा आणि अल्टरनेटर. उन्हाळ्याआधी एकदा बोनेट उघडाच, मीटर लावा, आणि घरातल्या पोरांनाही सोबत उभं करा!