संगणकातले गिरणीपास

मुंबईत घोडपदेवसारख्या ठिकाणी डीटीपीचं काम करणाऱ्याकडे लग्नपत्रिका आणि मंडळांचे अहवाल असतातच. माझ्या डेस्कटॉपमध्ये त्याखेरीज गिरणी कामगारांच्या कागदांचे स्कॅन आहेत : गिरणीचा पास, ईएसआयचं कार्ड, पीएफची चिठ्ठी, रजेची पुस्तिका. १८ जानेवारी १९८२ ला कापड गिरण्यांचा संप सुरू झाला, पुढे गिरण्या गेल्या, आणि म्हाडाच्या घरासाठी ‘आमचे वडील तिथं कामाला होते’ हे सिद्ध करायला एवढेच कागद उरले. आमच्या शेजारी न्यू हिंद मिलच्या जागेवर कामगारांच्या इमारती उभ्या राहिल्या, पण कितीतरी वारस अजून वाट पाहताहेत. काहींचे मूळ कागद पोटमाळ्यावर भिजून गेले आहेत.

हे स्कॅन असलेल्या त्या डेस्कटॉपची ५०० जीबीची हार्डडिस्क टकटक वाजू लागली. साधा फोल्डर उघडायलाही ती अडखळायची. डिस्कची तब्येत दाखवणारं क्रिस्टलडिस्कइन्फो लावून पाहिलं तर पिवळी खूण : काही सेक्टर वाचता येत नव्हते. ‘चेकडिस्क मारून बघ’ असं जो तो सांगत होता. मी नाही म्हटलं. आजारी डिस्कला दुरुस्तीच्या नावाखाली आणखी राबवायचं नसतं. आधी जे मोलाचं आहे ते बाहेर काढायचं. गिरणीचे फोल्डर त्याच रात्री बाहेरच्या डिस्कवर घेतले.

मग लॅमिंग्टन रोडवरून १ टीबीची एसएसडी आणली. दुकानदाराचा सल्ला होता, नव्यावर कोरं विंडोज टाका आणि फाइली कॉपी करा. इतरांना तो चालेल, पण माझ्या पेजमेकरच्या जुन्या फाइली युनिकोडपूर्व मराठी फॉन्टवर बांधलेल्या आहेत. फाइल वाचली आणि फॉन्ट गेला, तर पडद्यावर नुसती चिन्हांची रांगोळी उरते. म्हणून मला सगळी डिस्क जशीच्या तशी हवी होती.

पेनड्राइव्हवरून क्लोनझिला हे डिस्कची हुबेहूब प्रत, म्हणजे क्लोन, काढणारं सॉफ्टवेअर चालवलं. खरी जोखीम इथं असते. कुठल्या डिस्कवरून कुठल्या डिस्कवर, हे यंत्र विचारतं; उलटं उत्तर दिलंत तर कोरी डिस्क भरलेलीवर उतरते. मी दोन्हींचे आकार आणि मॉडेल नंबर कागदावर लिहून घेतले होते आणि पडद्यावरच्या ओळींशी ते ताडून मगच होकार दिला. क्लोनझिला खराब सेक्टरवर थांबतं, म्हणून ‘रेस्क्यू’चा पर्याय निवडला; त्यात न वाचलेला भाग सोडून ते पुढे जातं.

काम संपल्यावर मशीन बंद केलं आणि जुन्या डिस्कची साटा केबल काढली. दोन्ही एकदम लावून विंडोज सुरू करू नये, कारण क्लोनची ओळखही मुळासारखीच असते. एकटी एसएसडी लावल्यावर विंडोज सुरू झालं.

शेजारचे एक काका दारातच उभे होते. ‘भाऊ, माझा पास आहे ना रे त्यात?’ त्यांचा स्कॅन उघडला, मोठा करून बिल्ला नंबर वाचून दाखवला. ते गेल्यावर उरलेले पासही एकेक करून उघडले. फोल्डरचा आकार जुळला म्हणून भागत नाही. न वाचलेल्या सेक्टरवरची फाइल त्याच नावाची, त्याच आकाराची असते आणि आतून फाटलेली निघते. तशी एक लग्नपत्रिका निघाली, पण गिरणीचे कागद सगळे धड होते.

जुनी डिस्क मी पुसली नाही, नाव लिहून कपाटात ठेवली. एसएसडीवर तर दुसरी प्रत अधिकच लागते : पुसलेल्या फाइलीची जागा ती ‘ट्रिम’ या आज्ञेमुळे लवकर मोकळी करते आणि मग ती फाइल परत मिळणं जवळपास अशक्य होतं.

तुमच्या संगणकात वडिलांचा पास, आईचं ईएसआय कार्ड असेल तर त्याची आणखी एक प्रत काढा, ती उघडून पाहा, आणि नातेवाइकाच्या घरी, दुसऱ्या इमारतीत ठेवा.