माशांचें पंचांग

आमच्या घरांत मासा शिजत नाहीं. देवघरांतील मत्स्यावताराच्या चित्रापलीकडे या प्राण्याशीं आमच्या कुटुंबाचा कधीं संबंध आला नाहीं. असें असतां प्रस्तुत लेखकानें माशांच्या विणीविषयीं लिहावयास बसावें, हें कित्येक वाचकांस चमत्कारिक वाटेल. आमच्या वहिनींस तर तें वाटलेंच. "भाऊजी, चातुर्मासाविषयीं चार शब्द लिहावयाचे सोडून हें काय आरंभिलेंत?" असें त्या म्हणाल्या. त्यांस मीं जें उत्तर दिलें, तेंच येथें विस्तारानें सांगतों. तें उत्तर म्हणजे एका जुन्या अन्यायाची कबुली आहे.

मी मॅट्रिकपलीकडे शिकलों नाहीं. घरीं वडिलांपाशीं संस्कृत व थोडें ज्योतिष झालें, आणि तेवढ्या शिदोरीवर रत्नागिरी जिल्ह्यांतील एका खाडीकांठच्या गांवीं आयुष्यभर मास्तरकी केली. संस्कृत हा माझा खरा विषय. परंतु लहान शाळेंत एकाच मास्तरास चार विषय ओढावे लागतात, तसे भूगोल व सामान्य विज्ञान हेही मजकडे आले. १९८९ सालच्या सहामाही परीक्षेंत मीं एक प्रश्न घातला : "मासे अंडीं केव्हां घालतात?" माझ्यापाशीं कोणा इंग्रजी पुस्तकावरून उतरून घेतलेलें एक टिपण होतें. त्यांत उत्तर होतें, "वसंत ऋतूंत." मुलांनीं तेंच पाठ केलें होतें. एका मुलानें मात्र लिहिलें : "कोणता मासा आणि कुठला, तें सांगितल्याशिवाय उत्तर देतां येत नाहीं. आमची तारली पावसांत गाभोळीला येते."

मीं त्या उत्तरावर तांबडी रेघ ओढली. येथवर माझें अज्ञान क्षम्य होतें. परंतु मीं तें उत्तर भर वर्गांत मोठ्यानें वाचलें आणि म्हणालों, "पंडित दिसतात हे! प्रश्नालाच उलट प्रश्न विचारतात." मुलें हंसलीं. तो मुलगा कोळ्याचा होता. तो खालीं मान घालून बसला. पुढल्या वर्षीं त्यानें शाळा सोडली व बापाच्या होडीवर गेला. माझ्या त्या वाक्यामुळेंच त्यानें शाळा सोडली असें मी म्हणत नाहीं. घरची ओढाताण होतीच. परंतु शाळेंत राहावें असें वाटण्याजोगें माझ्या त्या वाक्यांत कांहीं नव्हतें, एवढें खरें.

ही गोष्ट मी विसरलों होतों. गेल्या वर्षीं माझी नात सुटीला घरीं आली. ती मत्स्यशास्त्र शिकते. रात्रीं जेवणें झाल्यावर सोप्यावर सगळीं मंडळी बसलीं असतां ती आपल्या अभ्यासाविषयीं सांगूं लागली, आणि बोलतां बोलतां म्हणाली, "आजोबा, मासा अंडीं केव्हां घालतो आणि किती घालतो, हें पुष्कळ अंशीं तो कोणत्या अक्षांशावर राहतो यावर असतें." माझ्या डोळ्यांपुढें ती तांबडी रेघ उभी राहिली.

अक्षांश म्हटला कीं मला पलभा आठवते. आपल्या ज्योतिषांत ही एक मोठी सुंदर युक्ति आहे. विषुवदिनीं मध्यान्हीं बारा अंगुळें उंचीचा शंकु सपाट जमिनीवर उभा करावा व त्याची छाया मोजावी. ती त्या स्थळाची पलभा. पुण्यास ती सुमारें ४ अंगुळें भरते. उत्तरेस जावें तसतशी ती लांबत जाते. नातीनें सांगितलेलें मला नीट समजलें तें या पलभेमुळें. म्हणून वाचकांसही त्याच वाटेनें नेतों.

नॉर्वे देशाच्या किनाऱ्याला सुमारें ६८ अक्षांशावर लोफोटेन नांवाचीं बेटें आहेत. तेथें शंकूची छाया जवळजवळ ३० अंगुळें, म्हणजे शंकूच्या अडीच पट पडेल. उन्हाळ्यांत तेथें कित्येक आठवडे सूर्य मावळत नाहीं, व हिंवाळ्यांत कित्येक आठवडे उगवत नाहीं. उत्तरेकडील बॅरेंट्स समुद्रांतून कॉड नांवाचा मोठा मासा हिंवाळ्यांत या बेटांशीं येतो आणि मार्च-एप्रिलांत अंडीं घालतो. मोठ्या मादीच्या पोटीं कित्येक दशलक्ष अंडीं असतात. या घाईचें कारण प्रकाशांत आहे. दिवस वाढूं लागले कीं समुद्राच्या पाण्यांतील सूक्ष्म वनस्पति एकदम बहरतात. त्यांवर बारीक जीव पोसतात. आणि त्या जीवांवर कॉडचीं पिलें. अंड्यांतून निघालेल्या पिलाच्या पोटाशीं थोड्या दिवसांची शिदोरी असते. ती सरण्यापूर्वीं बाहेरचें अन्न मिळालें तर पिलूं जगतें, नाहीं तर मरतें. बहर आधीं येऊन गेला तरी मरण, आणि मागाहून आला तरीही मरण. नॉर्वेचा शास्त्रज्ञ योहान योर्ट यानें १९१४ सालीं या गोष्टीकडे लक्ष वेधलें कीं, एखाद्या वर्षीं मासळी अमाप व एखाद्या वर्षीं तुटपुंजी होते, याचें मूळ पिलांच्या या पहिल्या कांहीं दिवसांत शोधलें पाहिजे. थंड प्रदेशांतील माशास विणीचा मुहूर्त चुकवितां येत नाहीं, तो यासाठीं.

आपल्याकडे काय होतें? मुंबईस मोठ्यांत मोठा दिवस सव्वातेरा तासांचा व लहानांत लहान सुमारें अकरा तासांचा. पाणी बारा महिने उबदार. उष्ण प्रदेशांतील पुष्कळ मासे त्यामुळें एकाच पंधरवड्यांत सारी जमा-खर्च उरकीत नाहींत. ते कित्येक महिने थोडथोडीं अंडीं अनेक खेपांनीं घालतात. परंतु ऋतु आपल्याकडेही आहे, आणि तो पावसाचा. नद्यांना पूर आला म्हणजे रोहू, कटला हे मासे विणीस येतात. नैर्ऋत्य मोसमी वाऱ्यांनीं केरळ-कर्नाटकाच्या किनाऱ्याशीं खोलचें थंड व सकस पाणी वर येतें, आणि त्याच सुमारास तारलीची वीण होते. तेथें जें काम वसंतांतला प्रकाश करतो, तें येथें पाऊस आणि वारा करतात. म्हणजे माझ्या टिपणांतील "वसंत ऋतु" खोटा नव्हता. तो दुसऱ्या पलभेचा होता. आणि पलभा सारखी असली तरीही भागत नाहीं. आपल्या पश्चिम किनाऱ्यास १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद असते. त्याच अक्षांशांवरील पूर्व किनाऱ्यास १५ एप्रिल ते १४ जून.

येथवर मुहूर्ताचें झालें. अंड्यांच्या संख्येची गोष्ट मला अधिक विलक्षण वाटली. अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यास शॅड नांवाचा मासा आहे. बंगालच्या हिल्साची ही लांबची बहीणच म्हणावी. हिल्साप्रमाणेंच ती समुद्रांत वाढते व अंडीं घालण्यास आपल्या जन्मनदींत चढते. दक्षिणेस फ्लॉरिडांतील सेंट जॉन्स नदी सुमारें ३० अक्षांशावर आहे. तेथें पलभा ७ अंगुळें. उत्तरेस कॅनडांतील मिरामिशी नदी सुमारें ४७ अक्षांशावर. तेथें पलभा १३ अंगुळें. उन्हाळ्यांत या सर्व नद्यांचे शॅड कॅनडाजवळच्या फंडीच्या उपसागरांत एकत्र चरतात. पण विणीच्या वेळीं जो तो आपल्या नदीस परततो. दक्षिणेच्या नदींत ते हिंवाळ्याच्या अखेरीसच येतात. उत्तरेच्या नदींत मे-जून उजाडतो, कारण तेथें पाणी पुरेसें उबदार होण्यास तितका वेळ लागतो.

लेगेट व कार्सकॅडन या दोन शास्त्रज्ञांनीं १९७८ सालीं या नद्यांच्या माशांचा ताळेबंद प्रसिद्ध केला. फ्लॉरिडाची मादी एका खेपेस सुमारें ४ लाख अंडीं घालते आणि मरते. ती पुन्हां समुद्रास परतत नाहीं. मिरामिशीची मादी पहिल्या खेपेस त्याच्या तिसऱ्या हिश्श्याच्या आसपासच घालते. परंतु तिच्यासारख्या पुष्कळ जणी परत समुद्रास जातात व पुढील वर्षीं पुन्हां येतात. जन्मभराची बेरीज केली तर दोघींतील अंतर पुष्कळ कमी होतें. असें कां? त्या दोघांचें म्हणणें असें कीं, दक्षिणेच्या नदीचें पाणी बेभरंवशाचें नाहीं. तेथें पिलें वांचण्याची बरीच खात्री असते, म्हणून आई आपलें सर्वस्व एकदांच देऊन मोकळी होते. उत्तरेस एखाद्या वर्षीं अकस्मात् थंडी उलटते व सारी वीण वायां जाते. तेथें सर्वस्व एका वर्षावर लावणें धोक्याचें. म्हणून आई थोडें देते आणि आपला जीव पुढील वर्षासाठीं राखते.

हें ऐकून सोप्यावर क्षणभर कोणी बोललें नाहीं. वहिनींनीं चार मुलें वाढविलीं आहेत. त्या एवढेंच म्हणाल्या, "म्हणजे दोघीही शहाण्याच कीं."

नारळी पौर्णिमेच्या आदल्या दिवशीं मी नातीस घेऊन त्या खाडीकांठच्या गांवीं गेलों. तो मुलगा आतां पन्नाशीकडे झुकलेला तांडेल आहे. मीं त्यास सर्व सांगितलें. "तुझें उत्तर बरोबर होतें. मीं तें चूक ठरविलें, आणि वर तुला हंसविलें. दुसरी चूक पहिलीहून मोठी." तो थोडा वेळ जाळ्याकडे पाहत राहिला. मग म्हणाला, "गुरुजी, मी तें विसरलों नव्हतों." त्यानें तें रागानें म्हटलें नाहीं; परंतु "जाऊं द्या" असेंही म्हटलें नाहीं. तें मला योग्यच वाटलें.

मग नातीनें त्याला शॅडची गोष्ट सांगितली. ती संपतांच त्यानें विचारलें, "ताई, त्या दक्षिणेच्या मासळीला कसें कळतें कीं आपल्याला परतायचें नाहीं?" नात म्हणाली, "तिला कळत नाहीं, काका. ज्यांच्या अंगीं ती रीत होती, त्यांचींच पिलें तिथें अधिक वांचलीं; तीच रीत पुढें राहिली." तो हंसला. इतकी विद्या ऐकून मला जो प्रश्न सुचला नव्हता, तो त्याला एका क्षणांत सुचला होता.

निघतांना त्यानें एक गोष्ट सांगितली. अलीकडे समुद्राचें पाणी तापतें आहे आणि गाभोळीचे दिवस पूर्वींसारखे नेमके राहिले नाहींत, असें त्याचें म्हणणें. अरबी समुद्र तापत आहे हें शास्त्रज्ञही सांगतात. नात म्हणाली कीं, माशाजवळ दोन पंचांगें असतात, एक प्रकाशाचें व एक उष्णतेचें. अक्षांश हलत नाहीं, म्हणून प्रकाशाचें पंचांग जसेंच्या तसें आहे. उष्णतेचें मात्र सरकत आहे. दोन पंचांगांच्या तिथि जुळेनाशा झाल्या, म्हणजे लोफोटेनच्या त्या पिलाप्रमाणें शिदोरी सरलेली आणि अन्न आलेलें नाहीं, असा प्रसंग येतो. जून-जुलैची बंदी पाळून होड्या किनाऱ्यावर ओढून ठेवणाऱ्यास ही चिंता आपल्याहून आधीं कळते.

वाचकहो, तुमच्या घरांत मासा शिजत असेल किंवा नसेल. मुलें मात्र सर्वांच्या घरीं आहेत, आणि तीं प्रश्न विचारतात. माझें तें जुनें टिपण मीं परवां पेटींतून काढलें. "वसंत ऋतूंत" या शब्दांपुढें त्या मुलाचाच प्रश्न लिहून ठेवला आहे : "कोणता मासा, आणि कुठला?"