दोन गणितं, विषय किती?

इंग्लंडमध्ये बारावीच्या जागी ए-लेव्हल असते. बहुतेक मुलं तीनच विषय घेतात, आणि त्यांत गणित दोनदा घेता येतं: एक ‘मॅथ्स’, दुसरं ‘फर्दर मॅथ्स’. पेपर वेगळे, श्रेणीही वेगळी. मी इथल्या एका सिक्स्थ फॉर्म कॉलेजात दोन्ही शिकवते. विषय निवडायची वेळ आली की मराठी पालक हमखास विचारतात, “ताई, दोन्ही घेतली तर विद्यापीठ दोन विषय धरतं की एकच?”

ते अभ्यासक्रमावर ठरतं. प्रवेशांचं काम पाहणाऱ्या यूकासच्या गुणतक्त्यात दोघांचं वजन सारखंच आहे: ए-स्टारला ५६ गुण, ए श्रेणीला ४८. केंब्रिजला गणित शिकायचं तर फर्दर मॅथ्स लागतंच. ऑक्सफर्डला त्याच्याशिवायही अर्ज करता येतो. मात्र काही वैद्यकीय महाविद्यालयं दोहोंपैकी एकच मोजतात. गणित, फर्दर मॅथ्स आणि केमिस्ट्री घेतलेली मुलगी त्यांच्या लेखी दोनच विषयांची.

कारण विचारलं की ऐकू येतं, “दोन्हींत तेच तेच असतं.” या समजुतीचं मूळ जुन्या पद्धतीत आहे. तेव्हा ए-लेव्हल मॉड्यूलची होती. गणिताची सहा, फर्दर मॅथ्सची आणखी सहा, आणि हौस असेल तर अठरा मॉड्यूल करून तिसरं गणितही पदरात पडे. स्टॅटिस्टिक्स, मेकॅनिक्स, डिसिजन ही मॉड्यूल दोन्हीकडे चालत. निकाल लावताना परीक्षा मंडळ त्यांची अशी वाटणी करी, की आधी गणिताची श्रेणी होईल तेवढी वर जावी, मग फर्दरची. एखाद्याचं मेकॅनिक्सचं पहिलं मॉड्यूल गणितात धरलेलं, तर शेजारच्या बाकावरच्याचं फर्दरमध्ये. अशा वेळी प्रवेश देणाऱ्या प्राध्यापकाला शंका आली तर ती रास्तच होती.

सप्टेंबर २०१७ पासून नवा अभ्यासक्रम आला आणि ही अदलाबदल संपली. आता गणिताचे पेपर गणिताचे आणि फर्दरचे फर्दरचे. फर्दर मॅथ्सचा निम्मा भाग सगळ्या मंडळांत समान असतो: संमिश्र संख्या, मॅट्रिक्स, पोलर निर्देशक, हायपरबोलिक फलं, गणिती विगमनाने सिद्धता. साध्या ए-लेव्हल गणितात यातलं काहीच नाही. आपल्याकडे अकरावी-बारावीच्या एकाच विषयात मॅट्रिक्स आणि संमिश्र संख्या येतात, म्हणून महाराष्ट्रात शिकलेल्या पालकांना हे खरं वाटत नाही. मी त्यांच्यापुढे दोन्ही पाठ्यपुस्तकांच्या अनुक्रमणिका ठेवते.

भावी डॉक्टरने गणिताबाहेरचंही काही शिकलेलं असावं, हा आग्रह मला पटतो. पण मग कारण तेच सांगावं. दोन वर्षं खपून केलेल्या विषयाला ‘तेच तेच’ म्हणणं मला मान्य नाही.

याहून मोठा अन्याय दुसरीकडेच होतो. २०२४ मध्ये ए-लेव्हल गणिताला एक लाखाहून जास्त मुलं बसली, फर्दर मॅथ्सला अठरा हजारांच्या आसपास. सगळ्यांनाच ते नको असतं असं नाही. चार-पाच मुलांसाठी वर्ग चालवणं लहान शाळेला परवडत नाही, शिकवणारं माणूसही मिळत नाही. त्या शाळेतल्या हुशार मुलीला दोन गणितं मोजतात की एक, हा प्रश्नच पडत नाही. विद्यापीठांनी फर्दर मॅथ्स पूर्ण विषय म्हणून मोजावं, आणि ते जिथे शिकवलंच जात नाही तिथल्या मुलांकडून त्याची अपेक्षा करू नये. ऑक्सफर्डने ते सक्तीचं केलेलं नाही, हे मला योग्य वाटतं.

पालकांना मी सांगते, गणित किंवा इंजिनिअरिंगकडे जायचं असेल तर तीन विषयांत फर्दर मॅथ्स बिनधास्त धरा. डॉक्टर व्हायचं असेल तर बायोलॉजी, केमिस्ट्री आणि एक गणित हे तीन पक्के करा, फर्दर मॅथ्स चौथं ठेवा. आणि ज्या विद्यापीठाचा नियम मोघम असेल, त्याच्या प्रवेश विभागाला विषय निवडण्याआधीच ईमेल करून लेखी उत्तर मागून घ्या.