चाकांवरचें बिऱ्हाड

सन २०२५ मध्यें १५ ऑगस्ट शुक्रवारीं आल्यानें सलग तीन दिवसांची सुट्टी मिळाली. नाशिकहून भंडारदऱ्यास जाण्यासाठीं मुलानें भाड्याची कॅरव्हॅन आणली. महाराष्ट्र शासनानें २०२१ सालीं अशा पर्यटनाचें धोरण आंखलें. मला मात्र चाकांवरचें बिऱ्हाड म्हणजे निव्वळ चैन वाटे.

संधिवातानें जखडलेली माझी सहधर्मचारिणी तीन वर्षें गांवाबाहेर पडली नव्हती. तिची प्रवासाची हौस सरली, असा मीं समज करून घेतला होता. गाडींतील खुर्चीसारखा शौचकूप पाहून ती म्हणाली, “अहो, एवढ्यासाठींच तर अडत होतें!”

धरणाकांठीं मोटारींची दाटी होती. तरी पहांटे काठी टेकीत जाऊन तिनें प्रवरेचें पाणी डोळ्यांस लावलें. वाचकहो, तीन वर्षांत मीं तिला कारण विचारलेंच नव्हतें.