खर्ज
‘षड्ज’चा ‘खर्ज’ झाला, ‘ष’च्या जागी ‘ख’ आला. ही व्युत्पत्ती सोपी; खर्ज लावणे मात्र अवघड. नांदेड-लातूरच्या कराओके मैफलींत हेमंतकुमारांची गाणी हौसेने निवडणारे मला भेटतात. खालचा स्वर आला की ते हनुवटी छातीशी नेतात, गळा दाबतात आणि स्वराऐवजी घरघर उमटते. वास्तविक मंद्र स्वराला स्वरतंतू सैल हवेत, म्हणजे त्यांची कंपने मंदावतात. तेथे जोर निरुपयोगी. श्वास संथ, अखंड असावा. आवाज लहानच राहणार, म्हणून माईक ओठांजवळ घ्यावा. तरीही स्वर लागेना, तर पट्टी थोडी चढवावी. त्यात कमीपणा कसला? अनेक वर्षे वर्गात बोलून माझाही गळा थकला आहे. पहाटेच्या दहा मिनिटांच्या खर्जानंतरच तो पहिल्या तासाला साथ देतो.