वजन आणि चिठ्ठी

आमच्या कुटुंबांतून अंगाचें वाढतें वजन हा थट्टेचा विषय समजतात, दुखण्याचा नव्हे. पुरुषाचें पोट सुटलें तर ‘खात्यापित्या घरचा’ म्हणून कौतुक. बाई स्थूल झाली तर तिच्या खाण्यावर टोमणा. आमचा गोंदिया जिल्हा धानाचा. दोन्ही वेळ भात, आणि सर्वांचीं जेवणें झाल्यावर पातेल्यांतला उरलासुरला टाकवत नाहीं म्हणून संपवावयाचा तो गृहिणीनेंच. तें खाणें कोणी मोजीत नाहीं.

वैद्यकाचें माप मात्र कडक. भारतीय पुरुषाच्या कमरेचा घेर ९० सेंटिमीटरच्या व स्त्रीचा ८० च्या पुढें गेला, कीं मधुमेह व रक्तदाब यांचा धोका वाढला असें धरतात. आशाताई घरोघर फिरून तीस वर्षांवरील माणसांचा जो तक्ता भरतात, त्यांत हें माप असतें. आमगांव तालुक्यांतील आमच्या घरीं त्या आल्या तेव्हां वहिनींनीं प्रथम फीत परतविली. दुसऱ्या खेपेस मोजूं दिलें. घेर ९६ भरला.

वहिनींच्या नाखुषीला कारण होतें. पूर्वीं त्यांस कागदाची चिठ्ठी मिळाली होती, ती शहरांतील एका दवाखान्यांत गहाळ झाली. रांगेंत सर्वांसमक्ष ‘कशासाठीं आलांत?’ असें विचारतांच त्या उत्तर न देतां परतल्या, आणि पुढें चार वर्षें घरीं गुडघे चोळीत बसल्या.

या वेळीं गांवच्या आयुष्मान आरोग्य मंदिरांतील आरोग्य अधिकारी बाईंनीं वजन, रक्तदाब, साखर सारें संगणकांत नोंदलें, आणि २०१९ सालीं सुरू झालेल्या ई-संजीवनीवरून डॉक्टरांशीं गांठ घालून दिली. नोंदी आधींच समोर असल्यामुळें डॉक्टरांनीं पहिला प्रश्न केला तो, ‘आपण जेवतां केव्हां?’ हा. वीस वर्षांत आमच्यापैकीं कोणी तो विचारला नव्हता!

ही सोय आम्हांस मोलाची वाटते ती वेगासाठीं नव्हे. लाजेची गोष्ट दारोदार सांगावी लागत नाहीं, यासाठीं. तथापि चिठ्ठी पोंचली म्हणजे रोगी पोंचला असें नाहीं. दर महिन्यास जावयाचें, तर त्या दिवशींचा स्वयंपाक कोणी करावयाचा? ‘वजनासाठीं का कोणी डॉक्टरकडे जातें?’ असें मातोश्रींचें म्हणणें. दोन दिवस वाद झाला. अखेर तो स्वयंपाक धाकट्या बंधूंच्या गळ्यांत पडला. त्यांचा भात किंचित् कच्चा राहतो. मातोश्री तो मुकाट्यानें खातात. वहिनी आतां पहिल्या पंक्तीस बसतात. वजन अद्याप दीड किलोच उतरलें आहे.